चारशे तेरा नंबर

वर्षातून एकदा, गणतीच्या दिवशी, बाग उशिरा उघडायची. सकाळी काचघराच्या दारात साहेब नोंदवही घेऊन बसायचे आणि एकेक नंबर मोठ्याने वाचायचे. पाटीबाई वाफ्यांतून फिरत झाड जिवंत असेल तर ‘आहे’ म्हणायची, नसेल तर ‘नाही’. समुद्राकाठच्या वाळूत माती आणून ही बाग शंभर वर्षांपूर्वी एका जहाजावरच्या डॉक्टरने वसवली, तेव्हापासूनची ही पद्धत. खाऱ्या वाऱ्यापुढे काय टिकेल याचा नेम नसे, आणि कंद तर वर्ष वर्ष जमिनीत झोपून राहतात. म्हणून त्या भल्या माणसाने नियमच घालून ठेवला होता, ओळीने तीन गणत्या ‘नाही’ आलं तरच झाडाची पाटी उपटायची.

पत्र्याच्या पाट्यांवर नंबर ठोकण्यात हयात गेली, म्हणून ती पाटीबाई. नवरा बागेचा मुख्य माळी. त्यांना सगळे बुवा म्हणत. वाऱ्याला तोंड द्यायचं तर रोप जोडीने हवं, मध्ये दीड हात सोडून, असं बुवांचं ठाम मत. एकटं रोप त्यांनी जन्मात लावलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात खांद्यावर गोणपाटं टाकून ते बंधाऱ्याकडची रोपं झाकायला गेले, ते गेलेच. सापडलं फक्त खुरपं.

त्या आठवड्यात पाटीबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिने एका पाटीवर चारशे तेरा नंबर ठोकला, खाली ‘बुवा’ ठोकलं आणि खुरपं सापडलं तिथे रोवली. वहीतही रीतसर नोंद केली. तेव्हाच्या साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दोन गणत्या ‘नाही’ गेल्या होत्या. आज तिसरी. आज ‘नाही’ आलं की माझ्याकडे राहायला यायचं, असं लेकीने कबूल करून घेतलं होतं आणि गाडी घेऊन ती फाटकाशी उभीही होती. बुवा परततील म्हणून दाराला कडी न लावता झोपायचा पाटीबाईलाही आता वीट आला होता. तिला सुटायचं होतं.

पण सकाळपासून समुद्रावरून धुकं चढत होतं. बंधाऱ्याजवळ पोचेपर्यंत तिला स्वतःची पावलं दिसेनात. काचघर केव्हाच पुसलं गेलं होतं, नुसता साहेबांचा आवाज येत होता.

"चारशे अकरा."

"आहे."

"चारशे बारा."

"नाही."

पान उलटल्याचा आवाज आला. आणि वास... ओल्या गोणपाटाचा. बागेत गोणपाटं वापरणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

"चारशे तेरा."

तिने तोंड उघडलं. ‘नाही’ ओठांवर आलं होतं.

"आहे..."

बंधाऱ्याकडून. आधी घसा खाकरून, मग जरा ओढून, अगदी बुवा म्हणायचे तसंच.

साहेब नवे होते, त्यांना काय कळणार? कुणी माळी बोलला असं वाटलं असणार. "आहे," असं म्हणत त्यांनी खूण केली आणि गणती संपली म्हणून वही मिटली.

पाटीबाईने आवाज ओळखला. भीतीच्या मागोमाग तिला रागही आला. ती चाचपडत पाटीपाशी गेली.

"तीन वर्षं वाट पाहिली," ती हळूच म्हणाली. "आज बोलताय? मला जाऊ द्या आता..."

दोन्ही हातांनी तिने पाटी ओढली. हलेना. अंगातला सगळा जोर लावला तेव्हा ती बोटभर वर आली, आणि पत्र्याच्या खालच्या टोकाला पांढरी, बारीक, ओली मुळं दिसली. मुळांना धरलेली माती कोमट होती.

जन्मभर बागेत वावरलेली बाई ती. तिच्या हातांनी आपोआप पाटी खाली सोडली आणि माती दाबली. मग मात्र ती मागे सरकली, तशी तिची टाच पोकळीत गेली.

पाटीपासून बरोबर दीड हातावर खड्डा खणलेला होता. कडा ताज्या होत्या. आत पाणीही घालून ठेवलेलं होतं.

फाटकाकडून लेकीची हाक आली. "आई... आहेस ना तिथे?"

पाटीबाईने ओठ घट्ट मिटून घेतले. काही झालं तरी तो शब्द उच्चारायचा नाही.

"आहे," खड्ड्यातून तिच्याच आवाजात उत्तर गेलं.