चिंध्या कोंबलेली केबिन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावाबाहेर राइस मिलांची रांग जिथे संपते, तिथे सुकलूभाऊचं गॅरेज आहे. मागच्या नोव्हेंबरात लटारू मालकाचा ट्रक घेऊन तिथे गेला, तेव्हा काम अगदी साधं होतं. गाडी थंडीसाठी तयार करायची आणि डिसेंबर लागला की तांदळाची पोती भरून काश्मीरची वाट धरायची.

लटारूने काही वर्षं सूरजागडच्या डोंगरावरून लोखंडाचा दगड वाहिला होता. ती लाल धूळ त्याच्या कानातून, भुवयांतून कधी गेलीच नाही. श्रीहरीशेठ या मिलमालकाने पठाणकोटहून जुना ट्रक घेतला, उत्तरेकडे तांदूळ न्यायला माणूस हवा म्हणाला, आणि लटारूने लगेच होकार दिला. त्याला बर्फ पाहायचा होता. लहानपणापासून पाहायचा होता. मंजुषा, त्याची बायको, ते ऐकून हसली होती. फ्रिज उघडून पाहा म्हणाली होती.

सुकलूभाऊने ट्रक चालवत वीस हिवाळे त्या काश्मीरच्या रस्त्यावर काढले होते. म्हातारपणी त्याने गॅरेज टाकलं. त्याने रेडिएटरमधलं पाणी काढून कूलंट भरलं, बॅटरी मोठी बसवली, डिझेलचा फिल्टर बदलला. तिकडे डिझेल तुपासारखं थिजतं, टाकी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही, पठाणकोटच्या पुढे तिथलंच डिझेल भरायचं, असं सगळं त्याने सांगितलं. ओले मोजे घालून झोपायचं नाही हेही सांगितलं. पण एक गोष्ट त्याने तीनदा बजावली.

"केबिनमंदी शेगडी पेटवजो नोको. कितीबी हीव लागू दे. कोळशाची हवा दिसत नाई गा... माणूस झोपते, अन् मंग उठत नाई."

त्याच दुपारी केबिन झाडताना लटारूला चिंध्या सापडल्या. क्लच-ब्रेकच्या दांड्यांभोवती, दाराच्या फटीत, काचेच्या कडेला. राखाडी लोकरीच्या पट्ट्या, स्क्रूड्रायव्हरने ठासाव्यात तशा घट्ट बसवलेल्या. एखाद्या घोंगडीच्या असाव्यात. सुकलूभाऊने त्या बोटांनी चाचपून पाहिल्या. त्याने एकेक उपटून काढायला लावली आणि गॅरेजमागे भुशाच्या आगीत सगळ्या जाळल्या.

दुसऱ्या दिवशी लटारूने कुलूप उघडलं. चिंध्या जागच्या जागी होत्या.

चावी रात्रभर त्याच्या कमरेला होती. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने थट्टा केली. म्हाताऱ्याला वाटलं, यानेच केली. पुन्हा काढल्या, पुन्हा जाळल्या. तिसऱ्या दिवशी त्या आणखी वाढल्या होत्या. हवेसाठी सुकलूभाऊने आदल्या संध्याकाळी छताजवळ पाडलेलं भोकही आतून बुजलेलं होतं.

मग सुकलूभाऊने पठाणकोटच्या दलालाला फोन लावला. बराच वेळ दलाल इकडचं तिकडचं बोलत राहिला, शेवटी त्याने सांगून टाकलं. आधीचा ड्रायव्हर घाटात बर्फात अडकला होता. त्याने घोंगडी फाडून सगळ्या फटी बुजवल्या आणि आत कोळसे पेटवले. सात रात्रींनी रस्ता मोकळा झाला, तेव्हा दार उघडेना. काच फोडावी लागली.

फोन ठेवून सुकलूभाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "ही गाडी सोड, लटारू."

लटारूने ऐकलं नाही. ही गाडी सोडली तर पुन्हा तोच डोंगर आणि तीच लाल धूळ. गाडी म्हणजे शेवटी लोखंड, असं म्हणून तो उठला आणि सीटचं कव्हर बसवायला केबिनमध्ये चढला. दुपारचे दोन वाजले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. दार त्याने उघडंच ठेवलं.

कव्हरची दोरी बांधता बांधता त्याच्या लक्षात आलं की मिलची घरघर ऐकू येत नाही. त्याने वर पाहिलं. दार लागलेलं होतं. समोरची काच बाहेरून पांढरी होत चालली होती, खालून वर, सावकाश. त्याच्या तोंडातून वाफ निघाली. पायांकडून गारवा चढू लागला, आधी बोटं, मग घोटे, मग गुडघे.

त्याला उतरायचं होतं. पण त्याच्या हातांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि फाडायला सुरुवात केली. एक पट्टी दाराच्या फटीत, एक काचेच्या कडेला. आपण काय करतोय ते त्याला दिसत होतं, आणि भयंकर म्हणजे, ते बरोबरच वाटत होतं. कुठून तरी वारा येतोय, तेवढा थांबला की झालं.

सीटमागच्या झोपायच्या फळीवर कोणीतरी कूस बदलली.

"एक और है..." अगदी मायेने कोणी म्हणालं. "तुम्हारे पैर के पास..."

लटारूने वाकून ती फटही बुजवली. मग कोळशांचा वास आला. ऊब आली. डोळे मिटू लागले.

मंजुषा डबा घेऊन आली, तेव्हा गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. तिने हाक मारली. दार ओढलं, ते उघडेना. मग ती सुकलूभाऊकडे धावली, आणि म्हाताऱ्याने चाक खोलायच्या टामीच्या एका घावात काच फोडली. आतून जो गारवा बाहेर आला, त्याने भर उन्हात तिच्या अंगावर काटा उभा राहिला. लटारूचे ओठ निळे पडले होते. आत शेगडी नव्हती. कोळसा नव्हता. राख नव्हती.

लटारू वाचला. शेठने महिन्याभरात ट्रक विकून टाकला. लटारू परत सूरजागडच्या फेऱ्या मारू लागला आणि बर्फाचा विषय घरात कोणी काढला नाही.

मे महिन्यात, चंद्रपूर भट्टीसारखं पेटलेलं असताना, त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. दुखत नव्हती. टोचलं तरी कळत नव्हतं. मंजुषाने त्याला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आधी फौजेत होते. त्यांनी बोटं दाबून पाहिली, चष्मा काढला, पुन्हा पाहिली.

"हे हिमदंशाचं आहे," ते म्हणाले. "पण ताजं दिसतंय... कुठे होता तुम्ही?"

"हे तं नागपूरच्या वर कधी गेलेच नाई, साहेब," मंजुषा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लटारूला विचारलं, "बर्फात किती रात्री काढल्या?"

लटारूला सांगायचं होतं, एकही नाही. त्याने तोंड उघडलं. पंखा गरगरत होता, खिडकीतून गरम झळा येत होत्या, आणि त्याच्या ओठांतून वाफ निघताना मंजुषाने पाहिली.

"छह," तो म्हणाला. "सातवीं का... पता नहीं."