तवा गप्प झाला ती जागा

मोबाईल पालथे ठेवा आणि ऐका. ही आपल्या सोनिवलीच्या हरिचंद्राची गोष्ट. खोट्या गोष्टी रचायला माणसाला उमेद लागते, आणि लढाईवरून परतल्यावर ती त्याच्यापाशी फारशी उरलेली नव्हती.

रविवार, अठरा मार्च एकोणीसशे एक्कावन्न. होळी पाच दिवसांवर होती. रात्री सव्वाअकराला हरिचंद्र निर्वासितांच्या कॅम्प दोनच्या मागच्या मैदानाकडे निघाला, तो फक्त विसरलेला तवा आणायला. तवा म्हणजे सुरुंग शोधायचं यंत्र. लांब दांड्याला खाली तव्याएवढी चकती, खांद्याला बॅटरीची पेटी, कानांवर हेडफोन. जमिनीत लोखंड असलं की कानात गुणगुण वाढायची. सकाळी ओव्हरसीयर विष्णुपंत ते यंत्र परत न्यायला येणार होते.

लढाईच्या काळात तिथं छावणी होती. आता बराकींमध्ये निर्वासित सिंधी राहत होते, आणि त्यांच्या मुलांसाठी मैदानावर शाळा बांधायची होती. छावणी उठताना कुणी जमिनीत काय पुरलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हरिचंद्राला बोलावलं. पलटणीत तो सुरुंग काढायचं काम करायचा. इथं त्याला राहायला बराकीतली एक खोलीही मिळाली. दिवसा पोरं मागे लागत, हातगाड्या खडखडत, कानातलं ऐकूच येत नसे. म्हणून काम रात्रीचं. सतरा रात्री झाल्या होत्या.

आणि जमीन काय विचारता. खाली लोखंडाचा अंश असलेला काळा कातळ, वर छावणीच्या भट्ट्यांची राख, मध्ये गंजके डबे. तवा कुठंही धरा, गुणगुण सुरूच. अशा जमिनीत पलटणीचा नियम उलटा असायचा. आवाजाला नाही, शांततेला भ्यायचं. गुणगुण तुटली की समजायचं, इथली माती उपसून कुणीतरी तव्याला न कळणारं, लाकडी पेटीतलं काही पुरलंय. मग गुडघ्यावर बसायचं आणि लांब सुईनं वीत-वीत टोचून बघायचं.

शेवटच्या तीन रात्री हरिचंद्र बसलाच नव्हता. गुडघे सुजले होते, डोकं बधिर झालं होतं. गुणगुण थांबली की त्याला उलट बरंच वाटायचं. घटकाभर कान विसावायचे, आणि तो पुढे सरकायचा. रविवारी दुपारी त्यानं 'जमीन साफ' म्हणून सही देऊन टाकली. सोमवारी पाया खणायचा होता. खणणाऱ्या बायांच्या यादीत त्याची बायको अंजनी होती.

असं 'साफ' त्यानं पूर्वी एकदा म्हटलं होतं. चव्वेचाळीस साली, इटलीत, अशाच काळ्या राखेच्या जमिनीत. चुन्याच्या खुणा करत मागून यायचा तो वाईकडचा महिपती. दर पावलाला विचारायचा, "हरिभाऊ, साफ?" हरिचंद्र म्हणायचा, "साफ." मग महिपती पाऊल टाकायचा आणि चुन्यानं गोपद्मं काढायचा. त्याची आई चातुर्मासात उंबऱ्यापाशी काढायची तशी, गाईच्या खुरांची जोडी. नुसती रेघ मार म्हणून साहेबानं दोनदा झापलं. गडी ऐकला नाही. एका पहाटे तवा गप्प झाला. हरिचंद्र दमला होता. न टोचताच म्हणाला, "साफ."

महिपतीनं पाऊल टाकलं...

हे हरिचंद्रानं कुणालाच सांगितलं नव्हतं. अंजनीलाही नाही.

तर त्या रात्री मैदानात तवा सापडला. ओझं नीट न्यावं म्हणून त्यानं पेटी खांद्याला अडकवली, हेडफोन कानांवर चढवले, सुई कमरेला खोचली. बॅटरी त्यानं दुपारीच काढून ठेवली होती.

तरी गुणगुण सुरू झाली.

सतरा रात्रींची सवय, कानच गुणगुणत असतील, असं म्हणून तो चालू लागला. पाच पावलं. दहा पावलं.

गुणगुण थांबली.

तोही थांबला. मग काहीतरी सांडल्याचा आवाज आला. सर्र... पीठ चाळावं तसा. बाहेरून नाही. हेडफोनच्या आत.

"हरिभाऊ... साफ?"

त्यानं मागे पाहिलं नाही. 'साफ' म्हणायला तोंड उघडलं. तोच डोळ्यांपुढे अंजनी आली. पदर खोचलेली. कुदळ उचललेली.

"नाय," तो म्हणाला. "नाय रे महिपती. मी बघितलाच नाय."

मागे काही नाही...

तो गुडघ्यावर बसला. सुई टोचली. एक. दोन. तीन... सातव्यांदा लाकूड लागलं.

रात्रभर तो तिथंच बसून राहिला. सकाळी विष्णुपंत आले, मागून अंजनी आणि बाया आल्या.

"अरे, सही दिलीस ना तू?" विष्णुपंत म्हणाले.

"खोटी दिली, साहेब."

हातभर खाली पेटी निघाली. सुरुंगाच्या दारूच्या कांड्या, जुन्या, आतला तेलकट रस घामासारखा बाहेर सुटलेल्या. पाया आखायला बांधलेली दोरी बरोबर तिच्यावरून गेली होती. एक कुदळ पुरली असती. विष्णुपंतांनी खिशातला सहीचा कागद काढून फाडला आणि ते तिथंच मातीत बसले. पुढे हरिचंद्रानं सगळं मैदान पुन्हा टोचून काढलं. दीड महिना लागला.

पण त्या सकाळी अंजनी पेटीकडे बघत नव्हती. खड्ड्याच्या काठावर चुन्याचा एक खूर काढलेला होता.

"ह्या कुनी काढला?" ती म्हणाली. "चातुर्मास कुठं आलाय? आन् एकच कसा?"

चुन्याचा डबा आदल्या संध्याकाळीच धुऊन खोलीत पालथा ठेवलेला होता. हरिचंद्र घराकडे चालू लागला. दुसरा खूर त्यांच्या उंबऱ्यापाशी होता. आत जाणारा.

त्यानं तिथंही सुई टोचली. पुन्हा पुन्हा टोचली. जमीन घट्ट होती. मग बाजूला सरून अंजनीला आत जायला वाट दिली आणि हळूच म्हणाला, "साफ." त्या दिवशी त्यानं तिला महिपतीचं सगळं सांगितलं, आणि सांगताना तो पोरासारखा रडला.

त्या खोलीत ती दोघं पुढे वीस वर्षं राहिली. अंजनी दर आठवड्याला उंबरा सारवायची. ओलं असताना खूर दिसायचा नाही. सारवण वाळलं, की पुन्हा वर यायचा.