फुंकण्याआधी

हुपरीतल्या औषधाच्या दुकानांत गोळ्या मागण्याआधी लोक आता नळीत फुंकत. त्या यंत्राला श्वासमापक म्हणत. श्वासातले सूक्ष्म अंश तपासून ते पुढच्या दहा वर्षांत बळावणारे आजार आजच सांगे. हिरवी रेघ म्हणजे निर्धोक, पिवळी म्हणजे वेळीच सापडलेलं, लाल म्हणजे उशीर झालेला. तपासणी फुकट होती. फक्त ती रेघ प्रत्येक विमा कंपनीला दिसे.

पद्मश्री चौगुले दिवाळीपासून खोकत होती आणि दिवाळीपासून त्या नळीला वळसा घालून जात होती. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडताना छातीत जाणारा धूर तिला ठाऊक होता. ती गेली तर मणका मोडून चाकांच्या खुर्चीत बसलेल्या धाकट्या भावाला, भूपालला, कोण बघणार? त्याच्यासाठीच तिने पंधरा वर्षांपूर्वी मुदत विमा घेतला होता. ती मुदत उद्या संपत होती.

भूपालला घेऊन ती विमा कंपनीच्या शाखेत गेली, तेव्हा तिथल्या टिकेकर साहेबांनी हसतमुखाने नळी पुढे केली. नवी पॉलिसी घ्या, हिरवी रेघ आली तर हप्ता निम्मा, असं त्यांनी सांगितलं. शाखेत आलेले बहुतेक जण तेच करत होते.

"घे की अक्का," भूपाल म्हणाला. "स्वस्तात मरायचा मुहूर्त परत यायचा नाही."

पद्मश्रीने नळी हातात घेतली आणि थबकली. तिच्या धंद्यात मोडीची चांदी भट्टीत टाकण्याआधी वजन आणि भाव ठरे. एकदा वितळली की बोलणं संपलं. तिने नळी खाली ठेवली.

"साहेब, न फुंकता जुनीच पुढे चालू ठेवता येते का?"

टिकेकरांनी खुर्ची पुढे ओढली. येते, ते म्हणाले. तिच्या पॉलिसीत नूतनीकरणाचा हक्क होता. प्रकृतीची तपासणी नाही, प्रश्न नाहीत. मात्र हप्ता आजच्या वयाचा, म्हणजे अडीचपट. आणि हे मुदत संपायच्या आत करायचं.

"आणि आधी नवीसाठी फुंकलं, लाल आली, तर?"

"नवी मिळणार नाही. फुंकल्याशिवाय तर ती कुणालाच मिळत नाही. आणि नवी मागितली की जुनीचा हक्क सोडला, असं धरतात."

भूपालचं हसू मावळलं. पद्मश्रीने अडीचपट हप्ता भरला. नूतनीकरण मंजूर झाल्याचा संदेश भूपालकडून मोठ्याने वाचून घेतला. मग स्वतःहून नळी उचलली.

"आता कशाला?" टिकेकर चकित झाले.

"आता भाव ठरलाय," ती म्हणाली आणि छाती भरून फुंकली.

रेघ पिवळी उमटली. फुप्फुसात सूज होती. वर्षभराच्या उपचारांत पूर्ण बरी होण्याजोगी. दिवाळीपासून ज्या नळीला ती भीत होती, तिनेच तिला वाचवलं होतं. भूपालने डोळे पुसले आणि घरी जाताना जिलबी घ्यायची, असं जाहीर केलं. मग तोच मोठ्याने हसला, आणि पद्मश्रीही खोकत खोकत हसली.

आठवड्याभरात हुपरीत एकच बोललं जाऊ लागलं: आधी नूतनीकरण, मग श्वास. कित्येक कारागीर निर्धास्त होऊन फुंकून आले. पद्मश्री भेटेल त्याला क्रम समजावत होती.

अशातच तिच्या शेजारी कड्या जोडणारी रूपाली तोंडावर पदर धरून खोकली. तिचं लग्न नुकतंच झालं होतं.

"अक्का," ती म्हणाली, "माझी जुनी पॉलिसीच नाही. मी आधी काय करू?"