‘इतर’मध्ये काय होतं

तो आला तेव्हा मी टेबलाखाली होते.

चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात तीन जुने कॉम्प्युटर होते आणि एक डगमगणारं टेबल. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, आणि वीज मात्र दिवसातून दोनदा जायची. सुताराला निरोप देऊन आठ दिवस झाले होते, म्हणून शेवटी मीच खाली शिरून टेबलाचा पाय ठोकत होते.

“टेबल पाहाले आलो,” वरून आवाज आला. “थोडा बदल करा लागते.”

“आठ दिवसांनी उगवलात,” मी खालूनच म्हणाले. “हा पाय धरा.”

त्यानं धरला. मग खाली वाकून बांबूची एक चिपटी पायाखाली सरकवली, दाबली, हलवून पाहिलं.

“हे झालं. आता कॉम्प्युटरातलं टेबल दाखवता का? मी सुतार नाई, मॅडम. धनराज भानारकर. तलावाच्या सर्वेतला.”

मी बाहेर आले. केसांत कोळ्याचं जाळं होतं, ते मला नंतर आरशात दिसलं. तो हसला नाही. खालचा ओठ दातांत धरून उभा राहिला... त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

ही २००९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी संघप्रिया रामटेके, मूळची सावलीची, नागपूरहून एमसीए करून आलेली. आमची संस्था चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या तलावांची नोंद करत होती. कोणत्या तलावात कोणते मासे, कोणती पाणवनस्पती, गाळ किती. ही माहिती ठेवायला नागपूरच्या सरांनी एक नव्या तऱ्हेचा डेटाबेस सुचवला होता. नेहमीच्या डेटाबेसात एका तलावाची सगळी ओळ एकत्र राहते. यात तसं नाही, यात स्तंभांचे गट वेगवेगळे साठवले जातात. ज्या तलावाबद्दल जे माहीत नाही, त्या रिकाम्या खान्याला जागाच लागत नाही. गटाच्या आत नवा स्तंभ केव्हाही घाला, कुणी अडवत नाही. पण नवा गट जोडायचा किंवा जुना काढायचा, तर आख्खं टेबल बंद करायचं, बदल करायचा, पुन्हा सुरू करायचं. तोवर कुणालाच काही दिसत नाही. ऑफिसातले बाकीचे दोघं खुशाल चहाला निघून जायचे.

आणि धनराज दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, नवा गट मागायला यायचा.

“मरळ कोन्त्या महिन्यात वर येते, ते कुठी टाकू?”

“माशांच्या गटात.”

“तो नावाचा गट हाय. हे तर महिना हाय.”

पुढच्या वेळी – “पहिले होता, आता नाई, असा मासा कुठी टाकू?” त्याच्या पुढच्या वेळी – “आमची आजी गोकुळाबाई म्हन्ते, देवधान, म्हन्जे तलावातलं रानधान, गेलं तसा दाडक मासा गेला. हे माशात टाकू का वनस्पतीत?”

तो ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, बारावी झालेला. पाण्यात वाढलेल्या माणसाला पाणी, मासा आणि गवत वेगवेगळं दिसतच नव्हतं, आणि माझं सगळं काम तर ते वेगवेगळं करण्याचं.

“जे कुठंच बसत नाही ते ‘इतर’ गटात टाका,” मी एकदा वैतागून सांगितलं. “आणि मला विचारू नका.”

“चिडल्या का?”

“मी चिडलेले नाही.”

“चिडल्या म्हन्जे तुमी पुन्याच्या बाईवानी बोलता,” तो म्हणाला, आणि पळसाच्या पानात बांधलेले उकडलेले शिंगाडे माझ्या कीबोर्डजवळ ठेवून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत बसला.

शिंगाडे गरम होते. मी सगळे खाल्ले, आणि त्याचाही मला राग आला.

जानेवारीच्या पंधरा तारखेला सगळी माहिती नागपूरला द्यायची होती. तिच्यावरून कोणते तलाव देशी माशांसाठी राखायचे ते ठरणार होतं. शिवाय मला पुण्याची नोकरी लागली होती, फेब्रुवारीत हजर व्हायचं होतं. जाण्यापूर्वी टेबल नीट करावं म्हणून एका दुपारी मी त्याची रचना पडद्यावर काढली. गटांची यादी आली. रचनेत गटच दिसतात, आत काय आहे ते दिसत नाही. खाली ‘इतर’ होता. हा तर मी पहिल्या आठवड्यात चाचणीसाठी केला होता... धनराजला वैतागून काय सांगितलं होतं ते विसरून मी टेबल बंद केलं, ‘इतर’ काढून टाकला, टेबल सुरू केलं. मिनिटभराचं काम.

शुक्रवारी धनराज बसला, दोन बोटं चालवली आणि थांबला.

“मॅडम... माह्या आज्यानं सांगतलेलं दिसून नाई राह्यलं.”

मला आधी कळलंच नाही. मग ‘इतर’ आठवला, आणि मी घाईनं जुनी प्रत उघडली. आठवड्याची प्रत काढायची व्यवस्था होती, पण तिच्यात मी मूळचे तीनच गट लिहिले होते. ‘इतर’ तिथं कधी गेलाच नव्हता. अकरा तलावांवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. त्याच्या वहीत नुसती नावं होती, बाकी तो आठवून टाइप करायचा. आणि त्याचा आजा, मनसाराम, डिसेंबरात वारला होता.

“माझ्याकडून झालं,” मी म्हणाले. “मीच काढून टाकलं.”

तो पडद्याकडे पाहत राहिला.

“बोला ना काहीतरी. चिडा.”

“चिडून का मासे परत येतेत?” तो हळूच म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मोटारसायकलशेजारी वही घेऊन उभी राहिले. “अकरा तलाव. दहा दिवस आहेत. चला.”

“थंडी हाय. तलावाच्या बांधावर, पाळीवर बसा लागते.”

“मी सावलीची आहे. मला थंडी सांगू नका.”

धानाची मळणी चालली होती, हवेत तनसाचा वास आणि भुसा. तो गाडी इतकी हळू चालवायचा की सायकलवाले पुढं जायचे. “जरा जोरात चालवा,” मी म्हणायचे. “खड्डे हायेत,” तो म्हणायचा. रस्ता सरळ असला तरी. मग तीन-चार दिवसांनी मी म्हणायचंच सोडलं.

सगळ्यात शेवटी त्याच्या गावचा तलाव ठेवला होता. गोकुळाबाई, मनसारामची बायको, पाळीवर जाळं सांधत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. दहा दिवस जे म्हणायला धीर होत नव्हता ते म्हणाले, “आजी, तुमच्या माणसाचं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं.”

तिची बोटं थांबली. पाण्यावर एक पाणकोंबडी पोहत गेली.

“मंग लिही पुन्हा,” ती म्हणाली. “तो बुढा का सांगे? पान्यात मी उतरो, गोठी तो सांगे. शिंगूर मासा पूर्वेच्या कोपऱ्यात म्हने. पूर्वेले नाई, सांडव्याजवळ.”

ती दुपारभर सांगत राहिली. मधेच थांबून तिनं धनराजकडे पाहिलं. “याच्या गाडीवर मांगं मासेच राहेत. मानूस पहिल्यांदा पाह्यलं.”

धनराज उठून उगाच गाडीची साखळी तपासायला गेला.

पंधरा तारखेला माहिती गेली, ‘इतर’सकट. आता त्या गटाला मी ‘म्हाताऱ्यांचं सांगणं’ असं नाव दिलं होतं. त्यातला मनसारामचा आवाज परत आला नाही, गोकुळाबाईचा आला. धनराज म्हणाला, “चालते.” पण ते म्हणताना तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होता. मी नजर वळवली... थोडी उशिरा.

पुण्याला निघण्यापूर्वी मी चार दिवस घरी चालले होते. तो चंद्रपूरच्या स्टँडवर आला. हातात कापडी पिशवी.

“सर खूश हायेत म्हन्ते,” तो म्हणाला.

“हो.”

“आपले चार तलाव धरले.”

“माहीत आहे.” गाडी लागली होती. “आणखी काही सांगायचं आहे, की मी बसू?”

“बसा.”

मी बसले. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. गाडी सुटली तसा तो धावत चढला आणि माझ्या शेजारी येऊन टेकला.

“कुठं चाललात?”

“सावलीले. तुमच्या बाबाजीईले विचाराले.”

“काय विचारायला?”

“तेच... आपलं.”

“आणि मला?”

तो खरोखर दचकला. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत पिशवीचे बंद गुंडाळत-सोडत राहिला. शेवटी पिशवी छातीशी धरून म्हणाला, “तुमी शिकल्या, मी नाई. तुमी बौद्ध, आमी ढिवर. तुमी पुन्याले, मी इथी. सगळं मोजून पाह्यलं मी, जमत नाई... तरी चढलो गाडीत. चालन का तुमाले?”

“हे दोन महिन्यांपूर्वी विचारायला काय झालं होतं?”

“तुमी चिडून राहा ना.”

“अजूनही चिडलेच आहे,” मी म्हणाले. “चालेल.”

घरी बाबा अंगणात पेपर वाचत होते. बाबा, म्हणजे वामनराव रामटेके, निवृत्त मास्तर. कुणी खोटं बोललं तर त्यांना चष्मा काढूनही दिसतं. धनराजनं उभ्यानंच सगळं सांगितलं, न अडखळता.

बाबांनी पेपरची घडी केली. “तुमच्या घरचे का म्हन्तेत?”

“मायले सांगतलं. दोन दिस बोलली नाई.” त्यानं पिशवीतून डबा काढला. “आज सकाळी हे भरून देल्लं. तुमच्या घरासाठी. मरळ हाय.”

मग माझी आई, केसरबाई, पुढं झाली, तिनं डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला.

“जवस टाकते वाटते तुही माय,” ती म्हणाली. “भात मांडतो. हातपाय धुऊन घ्या.”

दीड तास तो डबा त्याच्या मांडीवर होता, आणि या माणसानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.