नवव्या रांगेतले दोरे

पहिला नमुना

केदारखेड्याला अण्णासाहेबांच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग चालतं. कळी उकलायची, नर फुलाची पराग-पावडर लावायची आणि देठाला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. कुठलं फूल कुणी केलं ते दोरा सांगतो, आणि मजुरीही दोऱ्यांवरच. हसीनाचा निळा, द्वारकाबाईंचा हिरवा, दैवशालाचा लाल. अकरा हंगाम त्या लाल दोऱ्याला कुणी नावं ठेवली नव्हती.

सोमवारी अण्णासाहेब म्हणाले, "नवव्या रांगेत दोरे हायेत, पण क्रॉसिंगच न्हाई. सगळे लाल. शुक्रवारी कंपनीचे साहेब येऊन राह्यले. तवा बघू."

बघू म्हणजे काय, ते दैवशालाला कळत होतं. चोर ठरलेल्या बाईला तालुक्यात कुठलंच शेडनेट घेत नाही.

"म्या नवव्या रांगेत पायच टाकला न्हाई," ती घरी येऊन म्हणाली.

तिची लेक राजनंदिनी जालन्याला कॉम्प्युटर शिकलेली. तिला एक कल्पना सुचली. आईचा शब्द कुणी ऐकणार नाही, पण मोबाईलनं मोजलेला आकडा ऐकतील. शेडनेटमधले सगळे लाल दोरे मोजायचे. आईनं मजुरी घेतलेल्या हिशोबापेक्षा जास्त भरले, की कुणीतरी तिच्या नावावर बांधले हे उघड होईल. तिनं चॅटबॉटला सांगितलं, फोटोतले दोरे रंगावरून मोजणारा कच्चा नमुना लिहून दे. खरं ॲप नको, चालतंय का एवढंच बघायचंय. तीन रंग, तीन नावं दिली. पाऊण तासात नमुना चालू झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं नवव्या रांगेचे फोटो काढले. समोर लालच लाल दोरे. पडद्यावर आलं:

लाल – ०
पांढरा – ४१२ – साळूबाई

दुसरा नमुना

"पांढरा मी सांगितलाच नाही. हे नाव कुठून आणलंस?" तिनं विचारलं.

चॅटबॉटनं माफी मागितली. कोडमध्ये तीनच रंग आहेत, म्हणाला. तिनं ओळन्‌ओळ वाचली. तीनच होते. मन मानेल ते ठोकून द्यायचं आणि वर माफी मागायची! तिनं सगळं पुसलं, नवं संभाषण उघडलं, दुसऱ्या पद्धतीनं लिहून घेतलं.

लाल – ०
पांढरा – ४१२ – साळूबाई

तिसरा नमुना

या वेळी नावांची यादीच दिली नाही. नुसते रंग मोज, म्हणाली.

साळूबाई, चारशे बारा.

"आई, साळूबाई कोण गं?"

दैवशालाचा पिठात गेलेला हात तिथंच थांबला.

"तुला कोनी सांगितलं?"

"मोबाईलनं."

तिनं पिठातून हात काढला. मग पिठाकडं बघतच म्हणाली, "जाफराबादकडची. एकटीच आल्ती. नववी रांग तिची. महिन्याखाली भर दुपारी रांगेतच पडली. उठलीच न्हाई. ती कामावर आल्तीच न्हाई असं म्हणा, असं बोलले अण्णासाहेब. तिचे पांढरे दोरे फुलांसकट कापले त्यांनी. माझं एक लाल रीळ गेल्तं तवा. कुठं गेलं ते आत्ता समजलं."

"आणि तू गप बसलीस?"

"तिघीबी बसलो."

राजनंदिनीला संताप आवरेना. माणूस मेलं, ते लपवायला तिचं काम कापून टाकलं, रांग रिकामी दिसू नये म्हणून कोऱ्या कळ्यांना दुसरीचे दोरे बांधले, आणि आता चोर तीच दुसरी! आणि एवढं पचवून ह्या बाया रोज त्याच दारातून आत जात होत्या.

चौथा नमुना

केला नाही.

शुक्रवार

शेडनेटच्या दारात कंपनीच्या साहेबांनी राजनंदिनीचा मोबाईल हातात घेतला. "साळूबाई कोण?"

"अशी कोनी न्हाई आमच्याकडं," अण्णासाहेब हसले. "मोबाईल काय, काहीबी सांगतो. मशीनला डोळे असतेत व्हय?"

"बाईच्या डोळ्यावर तुमचा भरवसा न्हाई, मशीनच्याबी न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "मंग कुणाच्या डोळ्यावर हाय?"

"पोरी, जपून बोल."

"ती बराबर बोलतीय, साहेब." हसीना पुढं झाली. "नववी रांग साळूबाईचीच. आम्ही उचललं तिला."

द्वारकाबाईंनी होकारार्थी मान हलवली. दैवशाला म्हणाली, "म्या तिच्या तोंडावर पानी मारलं."

अण्णासाहेबांचं हसू गेलं.

साहेबांनी तक्रारीच्या कागदावरचं दैवशालाचं नाव खोडलं. मग विचारलं, "आत्ता आत कोण आहे?"

"कोनी न्हाई. सगळ्या हितंच."

"मग हे वाढलं कसं?"

नवा फोटो न काढताच पडद्यावर आता ४१३ होते.

कुणी हललं नाही. दैवशालाच आत गेली. मागोमाग राजनंदिनी.

नवव्या रांगेच्या टोकाला एक कळी उकललेली होती. नीट, एक पाकळीही न दुखवता.

देठाला पांढरा दोरा.

दैवशालानं तो चिमटीत धरला आणि लगेच सोडला.

दोऱ्याचं टोक ओलं होतं. नुकतंच कुणीतरी दातांनी तोडल्यासारखं.