बुवाचा आवाज

तो चुकून आमच्या दारात आला. शेजारच्या खोलीत टोमॅटोच्या सॉसची जाहिरात बोलायला निघालेला, पावसात निथळणारा, छत्री उलटी झालेली... आणि आमच्या सिनेमातल्या बुवाचा आवाज देणारा नेमका घसा बसून घरी पडलेला.

"बोल काहीतरी!" आमचे डबिंगचे दिग्दर्शक तार्चिझिओ त्याच्यावर खेकसले.

"मी... ऊल्देरिको. दार चुकलं वाटतं."

आवाज असा, की पाठीवरून कुणी मखमल फिरवावी.

"चुकलं नाही. ये आत!"

त्या वर्षी रोममध्ये जो तो असलेच सिनेमे काढत होता. जुन्या काळच्या चावट गोष्टी – लबाड बुवा, फसलेले नवरे, पलंगाखाली कुणी ना कुणी. मी चक्कीवाल्याच्या बायकोचा आवाज देत होते. ऊल्देरिको तिच्या पिठाच्या पेटीत लपणारा बुवा झाला.

पडद्यावर बुवाने तिला मिठी मारून मुका घेतला. इकडे शांतता.

"मुका कुठाय?" काचेपलीकडून तार्चिझिओ.

ऊल्देरिकोचे कान लाल. "कुणाचा घेऊ?"

"अहो, स्वतःच्या मनगटाचा!" मला हसू आवरेना. "असा..."

त्याने घेतला. हळूच, डोळे मिटून.

"हा मुका होता की माफी?" मी विचारलं.

"तुम्ही समोर असताना मनगटात जीव रमत नाही."

"बुवा, तुम्ही दिसता तेवढे साधे नाही हं!"

मग दुपारच्या सुट्टीत आम्ही एकच तळलेला भाताचा गोळा अर्धा-अर्धा खायला लागलो. आतल्या चीजची तार दोघांमध्ये लांबत जायची... तोडायची घाई कुणालाच नसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

अशाच एका दुपारी तो म्हणाला, "शनिवारी तोरिनोला चाललोय. रेडिओवर बातम्या वाचायला. कायमची नोकरी."

"छान की," मी म्हणाले. आणि त्यानंतर चक्कीवालीचं खिदळणं मला काही केल्या जमेना.

शेवटचा प्रसंग आला. नवरा दार ठोठावतोय, आणि बुवाने 'येतो बाई, देव भलं करो' म्हणत खिडकीतून उडी मारायची.

ऊल्देरिको माइकपुढे झाला. "मला जायचं नाहीये, ओरिएत्ता."

माझं नाव! चक्कीवालीचं नव्हे.

"ओठ जुळत नाहीत!" तार्चिझिओ ओरडले. "बुवा खिडकीत चढलाय, आणि जायचं नाही काय?"

"बुवाला जाऊ दे. मी माझं बोलतोय."

मी माइकशी वाकले. "मग... राहा ना."

काचेपलीकडे तार्चिझिओंनी जोरात नाक शिंकरलं. "ठरलं? त्या नवऱ्याला दारात किती ताटकळत ठेवू?"

काम संपल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेलो. त्याने तोरिनोला फोन लावला.

"वेडा आहेस का?" मी कुजबुजले. "बातम्या सोडून बुवा होणार?"

"बातम्या कुणीही वाचेल." मग फोनमध्ये, त्याच मखमली आवाजात, "नाही साहेब, येत नाही... कारण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कारण इथेच उभं आहे, साहेब. माझी कॉफी पितंय."