दोन हिरव्या दोऱ्या

यदनाने दोरी ओढली ती नेमकी चुकीची.

पकोक्कू गावाहून बसने आलेली पोर, यांगोनच्या त्या गल्लीत छातीशी बॅग धरून उभी होती. चहावाल्याची बुटकी स्टुलं फूटपाथभर पसरलेली, विडेवाला पानांवर चुना फिरवत बसलेला, डोक्यावर परात घेतलेल्या बायका ओरडत चाललेल्या, मधूनच सायकलरिक्षाची घंटा... आणि वर बघावं तर प्रत्येक सज्ज्यातून खाली लोंबणारी एकेक दोरी. मावशीने फोनवर बजावलं होतं, आपली दोरी हिरवी, दोनदा ओढ, वर घंटी वाजेल, मग मी दोरीच्या चिमट्याला खालच्या दाराची किल्ली लावून खाली सोडते. हिरव्या दोऱ्या दोन आहेत, एवढंच सांगायचं राहिलं.

चौथ्या मजल्यावरून एका तरुणाने डोकं बाहेर काढलं.

"काय आणलंय?"

"मी... मी पकोक्कूहून आलेय."

"आम्ही पकोक्कूहून काही मागवलं नव्हतं," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

चहावाल्याकडची सगळी माणसं हसली. यदनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोच तरुण लुंगीची गाठ सारखी करत खाली आला, न विचारता बॅग उचलली आणि पाचव्या मजल्यावर पोचवली. त्याचं नाव थिहा. मावशीच्या घराखालीच, आईबरोबर राहायचा.

मावशी गुडघ्यांपायी चार वर्षं खाली उतरली नव्हती. तिचं करायला म्हणून यदना आली होती. दुसऱ्याच दिवशी ती बाजाराला निघाली आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन बसच्या मध्ये, घाबरून थिजली. कंडक्टर ओरडले, एक चप्पल गेली. रडत परत आली ती पुन्हा खाली उतरली नाही. सगळं शहर ती दोरीने वर ओढून घ्यायला लागली. सकाळी माशाच्या रश्श्यातला गरम मोहिंगा, मग भाजी, मग वर्तमानपत्र.

दोरी थिहाच्या सज्ज्यासमोरूनच वर यायची. एके सकाळी मोहिंग्याच्या पिशवीबरोबर चिमट्यात मोगऱ्याचा गजरा आला.

"मोहिंगावालीनं दिला असेल," मावशी म्हणाली. "मला मेलीनं चार वर्षांत एकदाही नाही दिला."

यदना लाजून चूर झाली. मग रोजच काहीतरी यायचं, कधी पेरूच्या फोडी, कधी नुसतंच एक फूल. संध्याकाळी ती कठड्यावरून वाकायची, तो मान वर करायचा. रस्ता कसा ओलांडायचा ते त्याने तिला तिथूनच शिकवलं. एका चालीनं चालायचं, मध्ये थांबायचं नाही, गाड्या आपणच वळतात.

"पकोक्कूवाली, तुझे पाय जमिनीला कधी लागणार?"

"वरून सगळं छान दिसतं की."

"वरून तुला नुसतं माझं डोकं दिसतं."

"तेवढं पुरे आहे..." ती म्हणाली, आणि पटकन आत पळाली.

थंडी सरत आली तेव्हा त्याला कोरियातल्या कारखान्याचं पत्र आलं. तीन वर्षं. दोन दिवस खालचा सज्जा रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशी चिमट्यात चिठ्ठी आली.

'गुरुवारी तीनला टॅक्सी आहे. माझ्यासाठी थांबशील? हो असेल तर दोरीने सांगू नकोस, खाली ये. मी नसताना तू वरच अडकून राहिलीस, तर मला तिकडे चैन पडणार नाही.'

यदनाने ती चिठ्ठी इतकी वाचली की घड्यांवर फाटली. हो तर होतंच. पण तो रस्ता...

गुरुवारी गल्लीत लग्नाचा मांडव होता, म्हणून टॅक्सी मोठ्या रस्त्यापलीकडे उभी राहिली. वरून तिने त्याला बॅग घेऊन जाताना पाहिलं. कोपऱ्यावर तो थांबला, एकदा सज्ज्यातल्या आईकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि निघाला. तिने मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मावशी म्हणाली. "गुडघे माझे गेलेत, तुझे नाहीत."

पाच मजले ती कशी उतरली, देव जाणे. रस्त्याच्या कडेला तिने एकदा दोन्हीकडे पाहिलं. मग तिने पाऊल टाकलं, एका चालीनं, न थांबता. हॉर्न वाजत राहिले, गाड्या वळत राहिल्या. तो टॅक्सीचं दार उघडून तसाच उभा होता.

"थांबेन," ती धापा टाकत म्हणाली.

"तीन वर्षं?"

"मोजत बसणार नाही... तुम्ही या फक्त."

भर रस्त्यात त्याने तिचा हात धरला नाही. नुसता बघत राहिला, डोळे भरेपर्यंत. काहीतरी सांगायचं होतं त्याला, ओठांवर 'आई' एवढंच आलं, आणि ड्रायव्हरने घाई केली.

टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर यदना परत रस्ता ओलांडून आली. इमारतीखाली दोन्ही हिरव्या दोऱ्या शेजारी शेजारी लोंबत होत्या. आता तिला कुठली कुणाची ते पक्कं माहीत होतं. तिने चौथ्या मजल्याची दोरी दोनदा ओढली.

बऱ्याच वेळाने थिहाच्या आईने डोकं बाहेर काढलं. रडून चेहरा सुजला होता.

"काय आणलंय गं?"

"काही नाही, आई. मीच आलेय."

म्हातारीचं डोकं आत गेलं. जरा वेळाने चिमट्याला अडकवलेली किल्ली हळूहळू खाली यायला लागली.